लहान मुलाला घेऊन पुण्यात आणि पुण्याबाहेर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल लहान असताना कुठे जावं, कशाने जावं आणि बरोबर काय घ्यावं, याबद्दल पुण्यातले आईबाबा (आणि बरेचदा आजीआजोबा) पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. साधारण सहा वर्षांपर्यंतचं मूल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत राहतात, त्या निघण्याच्या आदल्या दिवशी बघाव्यात. मधेमधे आमची मतंही आहेत, ती पटली तर घ्या.

१. बाळाला घेऊन पहिल्यांदा बाहेर कधी पडावं? आमच्याकडे सव्वा महिना झाल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत.

सव्वा महिन्यावरून घरात वाद घालू नका. तेवढ्यात कुणाचं काही बिघडत नाही आणि बाळंतिणीला विश्रांती मिळते. त्यानंतर सकाळच्या कोवळ्या उन्हात सोसायटीत, मग जवळच्या बागेत. लग्नाचे हॉल, मॉल, मंडई असली गर्दी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी होईपर्यंत टाळलेली बरी. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर सहल तिथेच सोडून डॉक्टर गाठायचा, घरचे उपाय करत बसायचं नाही. मुक्कामाचा प्रवास मान धरायला लागल्यावर सोपा जातो आणि वरचं अन्न सुरू झाल्यावर पुन्हा अवघड होतो. म्हणजे चार-पाच महिन्यांचं, अंगावर पिणारं बाळ हा प्रवासाला सगळ्यात सोयीचा सोबती. हे फार कमी लोकांना वेळेत कळतं.

२. सुरुवात कुठून करू? मुलगी दीड वर्षाची आहे.

सारसबाग आणि तिच्या शेजारचं पेशवे उद्यान. तळ्यातला गणपती बघायला, पळायला हिरवळ, आणि थंडीत गेलात तर गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घातलेली असते, ती मुलांना मूर्तीहून जास्त आवडते. पेशवे उद्यानातले प्राणी कात्रजला गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण फुलराणी आहे. १९५६ पासून ही छोटी आगगाडी बागेभोवती फिरते आहे, त्यामुळे तिकिटाच्या रांगेत आजोबा नातवाला ‘मी पण हिच्यात बसलो होतो’ सांगताना हमखास दिसतात. फेरी काही मिनिटांत संपते. त्या फेरीत मूल बहुतेक गप्प असतं, कठडा घट्ट धरून. गाडी थांबली की उतरायला नकार. दोन फेऱ्यांचे पैसे आणि वेळ धरूनच जा.

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलं आहे. नुकतं चालायला लागलेल्या मुलाला तिथले छोटे पूल, पाणी आणि मासे पुरेसे होतात. पाण्याच्या कडेला हात सोडू नका, एवढंच.

३. कात्रजचं प्राणिसंग्रहालय किती वयापासून? ढकलगाडी चालते का?

दोन वर्षांपासून मजा येते, त्याआधी मुलाला वाघापेक्षा समोरचं कुत्रंच आवडतं. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुमारे १३० एकरांवर आहे, त्यामुळे सगळं बघायचा हट्ट धरू नका. ढकलगाडी चालते, शिवाय आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. बुधवारी बंद असतं. हे लिहिण्याचं कारण, दर बुधवारी दारात एक तरी कुटुंब रडणारं मूल घेऊन उभं असतं. वाघ दुपारी झोपतो. उघडताना जा, आधी लांबच्या टोकाचे प्राणी बघा, सर्पोद्यान परत येताना.

४. बाहेर धो धो पाऊस किंवा कडक ऊन. मुलाला कुठे नेऊ? मॉल नको.

कोथरूडमध्ये कर्वे रस्त्याजवळचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. १९९८ पासून आहे. मोठ्या टेबलावर वसवलेलं अख्खं गाव, त्यातून गाड्या धावतात, दिवे लागतात, सिग्नल पडतात. तीन वर्षांपुढचं मूल तिथून हलत नाही. गाड्या चालवून दाखवण्याचे खेळ असतात, म्हणून वेळ विचारून जा.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वाद्यं आणि भातुकलीच्या आकाराच्या वस्तू आहेत. तिथे सगळी दालनं करू नका. मुलाला आधी सांगा, ‘आज आपण फक्त दिवे शोधायचे.’ अर्ध्या तासात बाहेर पडलात तर पुढच्या वेळी मूल स्वतःहून येतं. तिसरा पर्याय मेट्रो, प्रश्न ६ पाहा.

५. इतके पैसे खर्चून नेतो आणि हा तिथे खडे गोळा करत बसतो. काहीच बघत नाही. मोठेपणी आठवणारही नाही. मग कशाला न्यायचं?

खडे गोळा करतो आहे म्हणजे बघतो आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तुम्हाला भव्य वाटतो तो त्याच्या पाट्या आणि गोष्टींमुळे. तीन वर्षांच्या मुलाला त्या दरवाजावरचे हत्तींना अडवणारे खिळे कळतात, पेशवाई कळत नाही. तेवढं पुरे.

यातूनच आमचा एक नियम तयार झाला आहे आणि पुढच्या बहुतेक उत्तरांत तो लागेल: एका दिवशी एकच ठिकाण, आणि त्या ठिकाणी मुलाच्या वेगाने. ‘आलोच आहोत तर तेही करून घेऊ’ या वाक्याने जितक्या सहली बिघडल्या तितक्या पावसाने बिघडल्या नसतील. आठवणीचं म्हणाल तर तुम्हाला आठवेल, आणि पैसे तुमचेच आहेत.

६. नुसती मेट्रोची चक्कर मारणं याला सहल म्हणायचं का?

बेलाशक. पाच वर्षांखालच्या मुलासाठी पुण्यात यापेक्षा स्वस्त मजा नाही. वनाझहून बसलात तर छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन ही पगडीच्या आकाराची स्थानकं आणि शेजारी मुठेचं पात्र दिसतं. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला. इथलं भुयारी स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, एकामागून एक सरकते जिने उतरत राहायचं. तिथून स्वारगेटकडची गाडी जमिनीखालून जाते. मंडईला उतरलात तर तुळशीबाग चालत, लाकडी भातुकली घ्यायची आणि परत.

तीन फुटांहून कमी उंचीच्या मुलाला मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही. ढकलगाडी असेल तर लिफ्ट वापरा, सरकत्या जिन्यावर ढकलगाडी नेऊ नका. जिन्यावर मुलाच्या पायात मऊ रबरी सँडल असेल तर उचलून घ्या, कडेच्या फटीत ती अडकते. सकाळ-संध्याकाळ ऑफिसची गर्दी सोडून अकरा ते चार ही वेळ धरा.

७. मुलाला ॲक्टिव्हावर पुढे उभं करून नेतो. सगळेच नेतात. त्यात एवढं काय?

सगळेच नेतात हे खरं. अचानक ब्रेक लागला की मुलाची हनुवटी आधी हँडलवर आणि मग तुमची छाती त्याच्यावर, हेही खरं. आणि संध्याकाळी परतताना मूल उभ्या उभ्या पेंगतं. सिग्नलला आजूबाजूला बघा, एक तरी डोकं आरशापाशी लुढकलेलं दिसेल.

कायदा काय म्हणतो ते स्पष्ट आहे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं. मुलाची जागा मागे, तुम्हाला पट्ट्याने जोडलेली. हा पट्टा शाळेच्या दप्तरासारखा मुलाच्या अंगात घालतात आणि त्याचे बंद तुमच्या खांद्यांवरून येतात. आठवडाभर मूल कुरकुर करतं, मग सवय होते.

नऊ महिन्यांखालच्या बाळाला दुचाकी नकोच. एवढ्या लहान डोक्याला हेल्मेट बसत नाही आणि मानेला ते पेलवत नाही. रिक्षा करा. आणि आई, बाबा, मधे बाळ ही पुण्याची राष्ट्रीय बैठकही नियमात बसत नाही: चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस.

८. कारमध्ये मांडीवर धरलं तर चालतं ना? आजी घट्ट धरून बसते.

नाही. धडक बसली की कितीही घट्ट धरलेलं मूल हातातून सुटतं, त्यात आजीच्या मायेचा काही दोष नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांचं आसन न लावल्यास १,००० रुपये दंड आहे, पण तो दंड म्हणून आसन घेऊ नका. लहान बाळाचं आसन मागे तोंड करून, मागच्या सीटवर. समोर एअरबॅग असलेल्या सीटवर मागे तोंड केलेलं आसन कधीच लावायचं नाही. भाड्याच्या गाडीत आसन मिळेलच असं नाही. आपलं घेऊन जा किंवा आगगाडी पकडा.

९. रेल्वेत मुलाचं तिकीट कधीपासून? आणि पहिला प्रवास कुठला करावा?

पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत वेगळी जागा न घेता फुकट. जागा हवी असेल तर पूर्ण भाडं. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ न घेता अर्धं भाडं, बर्थ घेतल्यास पूर्ण. वय प्रवासाच्या तारखेला मोजतात, बुकिंगच्या नाही.

पहिला प्रवास पुणे ते लोणावळा लोकलने. दीड तासाच्या आत पोहोचते, आरक्षण नको, कंटाळा आला तर तळेगावला उतरून परत फिरता येतं. दुपारी लोकल विरळ असतात, म्हणून परतीची गाडी आधी ठरवा. लोणावळ्यात फलाटावर उतरून चिक्की घ्यायची आणि परतीच्या गाडीत बसायचं, एवढीच सहल केली तरी तीन वर्षांचं मूल तृप्त असतं. भुशी धरण वगैरे करायची गरज नाही (का, ते प्रश्न १७ मध्ये).

दुसरा प्रवास डेक्कन क्वीन. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी पुण्याहून सकाळी सव्वासातला निघते आणि तिला डायनिंग कार आहे: चालत्या गाडीत टेबलाशी बसून खायचं. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. खंडाळा सोडल्यावर बोगद्यांची माळ लागते. मुलाला बोगदे मोजायला सांगा, आकडा दर वेळी वेगळा येतो. मुंबईहून परतताना कर्जतला गाडीला मागून ढकलणारी इंजिनं जोडतात. थांबते त्या वेळात शेवटच्या डब्याजवळ असाल तर धक्का जाणवतो, आणि वडापाव खिडकीशी येतो.

१०. एसटीने जावं का? लहान मुलाला घेऊन फार हाल होतात असं ऐकलं.

दोन-तीन तासांपर्यंत खुशाल जा. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे, ६५ ते ७५ वयाच्या आजीआजोबांना निम्मं आणि ७५ वरच्यांना फुकट. म्हणजे अख्खं कुटुंब वाईला जाऊन आलं तरी सर्वांत महाग तिकीट बाबांचं. मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट टाळा. मुलाचा हात खिडकीबाहेर जाणार नाही अशा बाजूला स्वतः बसा.

११. वाटेत अंगावर पाजायला जागा कुठे मिळते?

मोठ्या एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरून गेलेल्या गवळणीचं नाव त्याला दिलं आहे. कक्षाला कुलूप दिसलं तर चौकशी खिडकीवर किल्ली मागा, लाजू नका. मोठ्या रेल्वे स्थानकांवर प्रतीक्षालय आहे. बाकी ठिकाणी सुती ओढणी आणि खिडकीकडची सीट, आपल्या आयांनी तेच केलं.

१२. खायला काय न्यावं? हॉटेलातलं सगळं तिखट.

मेतकूट, तुपाची छोटी डबी आणि लिंबू. कुठल्याही हॉटेलात साधा भात मिळतो. तो गरम असतानाच ताटलीत घेऊन बोटांनी मोडायचा, तूप सोडायचं, मेतकूट भुरभुरायचं आणि मूल रडायला लागायच्या आत पहिला घास. मेनू कार्ड नंतर.

बरोबर नेण्यासाठी दुधात मळलेल्या दशम्या (पाण्यातल्या पोळीपेक्षा जास्त वेळ मऊ राहतात), नाचणीच्या सत्त्वाची पूड, सातूचं पीठ, केळी, उकडलेले बटाटे. केळं गाडीत सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात घाण करणारं, तेव्हा ओला रुमाल जवळ. एका वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या चार-पाच वर्षांखालच्या मुलाला चालत्या गाडीत तर नकोतच, घशात अडकतात. पाणी घरचं उकळलेलं, संपलं की बाटलीबंद. बर्फाचा गोळा परत आल्यावर ओळखीच्या ठिकाणी.

१३. घाटात गाडी लागते. पसरणी घाट चढेपर्यंत दोनदा थांबावं लागतं.

दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा लागत नाही, त्यानंतर दहा-बारापर्यंत त्रास जास्त. आतला कान म्हणतो हलतो आहे, डोळे म्हणतात स्थिर आहे, त्या गोंधळातून मळमळतं. म्हणून पुस्तक आणि मोबाइल घाटात बंद. आसन असं लावा की समोरच्या काचेतून लांबचं दिसेल. काच थोडी उघडी. पोट रिकामंही नको, भरलेलंही नको: निघण्याआधी तासभर दशमी किंवा टोस्ट, दूध नको. मूल एकदम गप्प झालं, जांभया देऊ लागलं, चेहरा पांढरा पडला की पुढच्या वळणाची वाट न बघता सुरक्षित जागी गाडी थांबवा.

आलेपाक चार वर्षांवरच्यांना द्या, चघळता येत असेल तर. गोळी द्यायची तर बालरोगतज्ज्ञांना विचारून. मोठ्यांच्या डब्यात असते ती प्रोमेथाझिनची गोळी दोन वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत. आणि चालकाला सांगा की वळणावर ब्रेक मारण्याऐवजी वळणाआधी वेग कमी कर. निम्मा उपाय तिथे आहे.

१४. शू-शीचं काय करता?

पेट्रोलपंप, एक्स्प्रेसवेवरचे फूड मॉल, आणि गाडीत घडीचं भांडं. प्रत्येक थांब्यावर करायला लावा, ‘आली नाही’ म्हटलं तरी. वापरलेला डायपर गडावर, नदीत किंवा हॉटेलच्या कमोडमध्ये टाकू नका. कागदात गुंडाळून पिशवीत, घरी आणून लाल खूण करून कचऱ्यात.

१५. औषधांच्या पिशवीत काय हवं?

तापाचं औषध (मात्रा वजनावर ठरते, डॉक्टरांकडून मिलिलिटर लिहून घ्या), थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या, पट्ट्या, डासांचं मलम, मुलाचं रोजचं औषध. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, अख्खी. अर्ध्या ग्लासात थोडी थोडी टाकू नका, प्रमाण चुकलं तर अपाय होतो. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा. टेट्रापॅकमधलं गोड पेय हा त्याला पर्याय नाही. रुग्णवाहिकेला १०८, कुठल्याही आपत्तीत ११२, रेल्वेत १३९.

१६. पहिला किल्ला कोणता? मुलगा साडेतीन वर्षांचा, आम्ही दोघंही ट्रेकवाले.

ट्रेकवाले आहात म्हणूनच सांगतो, थोडं खाली या. सिंहगड. गाडी वरपर्यंत जाते, मग दरवाजांतून चालत. वर मोकळी जागा, देवटाक्याचं पाणी, झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही. रविवारी आणि पावसात घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून आठवड्याच्या दिवशी सकाळी लवकर. पायथ्यापासून चालत जायचं तर पाचव्या वर्षानंतर, मोठ्यांच्या दुप्पट वेळ धरून. तानाजी मालुसऱ्यांची १६७० ची गोष्ट वर बसून सांगा. घोरपडीचा भाग इतिहासकारांना मान्य नाही, मुलाला आहे. त्या दिवशी मुलाचं ऐका.

मग लोहगड: लोहगडवाडीपर्यंत गाडी, पुढे बांधलेल्या पायऱ्या आणि एकामागोमाग दरवाजे. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आलेल्या मराठा किल्ल्यांत तो आहे, आणि शिवनेरीही. शिवनेरीला सात दरवाजे, प्रत्येक दरवाजा हा मुलासाठी पुढचा टप्पा. लोहगडाच्या विंचूकाट्यावर किंवा कुठल्याही कड्यावर मुलाचा हात नाही, मनगट धरा. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड थांबू शकतात. किल्ल्यांवर आग्या मोहोळ असतात. धूर, अत्तर, डिओ आणि आरडाओरडा नको.

१७. पावसाळ्यात धबधब्याखाली नेलं तर? कडेकडेने, गुडघाभर पाण्यात.

नको. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातलं एक कुटुंब, लहान मुलांसह, वाहून गेलं. पाणी आधी कमीच होतं. वर डोंगरात पाऊस पडतो, खाली ऊन असतं, आणि लोंढा काही मिनिटांत येतो. मुलाला कडेवर घेतलेल्या माणसाला शेवाळलेल्या दगडावर तोलही सावरता येत नाही. पावसाळ्यात प्रशासन अनेक ठिकाणी बंदीचे आदेश काढतं, ते वाचून निघा. ताम्हिणीत रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी लावून काचेतून, किंवा रेनकोट घालून काठावरून बघणं एवढंच. पुण्यातच मुठेला पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो. वरच्या पुलावरून ते बघायला मुलाला न्या, त्याची उत्सुकता तिथे फिटते.

१८. एका दिवसात जाऊन येण्याजोगं, किल्ला नको, पाणी नको.

नसरापूरचं बनेश्वर: साताऱ्याच्या वाटेवर, झाडीतलं देऊळ आणि बाग. अगदी लहानांना उत्तम.

वाईजवळचं मेणवली: नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेचा घाट. घाटावरच्या छोट्या देवळात वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली प्रचंड घंटा टांगली आहे. तिच्याखाली उभं राहून वर बघताना मुलाचं तोंड उघडं पडतं.

भिगवण: सोलापूर रस्त्यावर साधारण शंभर किलोमीटर, उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. नाव पहाटेची धरा आणि मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळालं नाही तर नावेत बसू नका. काठावरूनही बगळे, करकोचे भरपूर दिसतात.

खोडद, नारायणगावजवळ: जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या परिसरात पसरल्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास लोकांना आत बघता येतं. गर्दी असते, टोपी आणि पाणी न्या.

१९. गणपती बघायला दोन वर्षांच्या मुलीला नेऊ का?

न्या, पण सकाळी. सातव्या-आठव्या दिवसाच्या रात्री पेठांत शिरू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत सकाळी कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे पाचही मानाचे निवांत होतात (आमच्या प्रश्न ५ च्या नियमाला हा एकमेव अपवाद, कारण सगळे चालत आहेत). ढकलगाडी घरी ठेवा, झोळी किंवा कडेवर. मुलीच्या खिशात आणि दंडावर पेनने तुमचा फोन नंबर. हरवलं तर काय करायचं हे तीन वर्षांच्या मुलाला शिकवता येतं: जागेवर उभं राहायचं आणि पोलिसाला किंवा कडेवर बाळ असलेल्या बाईला सांगायचं. ढोल-ताशा पथकाच्या समोर बाळाला धरू नका. लांबून ऐकू द्या, किंवा कान झाकणारे हेडफोन घाला. विसर्जन मिरवणूक टीव्हीवर.

२०. आणि पालखी?

पालखी जरूर. मुक्कामाच्या नाना-भवानी पेठेतल्या गर्दीत नको, वाटेवर मोकळ्या ठिकाणी उभं राहून. मुलाच्या हाताने वारकऱ्याला केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू द्यायला लावा. त्या दिवशी रस्ते बंद असतात, तेव्हा चालत जाता येईल अशीच जागा निवडा.

२१. जुन्नरकडे कृषी पर्यटन केंद्रात राहणार आहोत. बिबट्याची भीती खरी आहे का?

खरी आहे, आणि त्यासाठी सहल रद्द करायची गरज नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर भागात उसात बिबटे राहतात आणि लहान मुलांवर हल्ले झाले आहेत. दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत मूल हाताच्या अंतरावर. अंधारात शू करायला अंगणात एकटं सोडायचं नाही, उसाच्या कडेला वाकून खेळू द्यायचं नाही. बुकिंग करताना विचारा: खोलीला लागून स्वच्छतागृह आहे का, अंगणात दिवे आहेत का, कुंपण आहे का. ‘आमच्याकडे तसलं काही नाही’ एवढंच उत्तर देणारा मालक सोडा.

२२. विमानाने जाताना मुलगी एक वर्ष अकरा महिन्यांची असेल, परतताना दोन वर्षांची. तिकीट कुठलं?

जाताना मांडीवरच्या बाळाचं, परतताना स्वतंत्र सीट. विमान कंपन्या त्या त्या प्रवासाच्या दिवसाचं वय बघतात. जन्मदाखला दोन्ही वेळा जवळ. लोहगावला बाळाचं दूध, पेज, उकळलेलं पाणी प्रवासाला पुरेल इतकं नेता येतं, तपासणीत वेगळं काढून दाखवा. चढताना आणि उतरताना पाजा किंवा चोखायला द्या, कानाचे दडे सुटतात. कान दुखत असेल किंवा जोरदार सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

२३. बाळाचा पासपोर्ट काढायचा आहे. दोघांनी जावं लागतं का?

अर्जाला दोघांची संमती लागते, ती परिशिष्ट ‘डी’च्या नमुन्यात. एकाचीच सही शक्य असेल (वेगळे राहतात, परदेशात आहेत, एकल पालक) तर परिशिष्ट ‘सी’. पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो. पुण्यात पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला आहे. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरून न्यावा लागतो. बाळाचे डोळे उघडे असलेला एक फोटो मिळवणं हा या सगळ्यातला खरा अवघड भाग.

२४. तीन वर्षांच्या मुलाला लेहला नेऊ का? आमचं बुकिंग झालं आहे.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर. विमानाने थेट पोहोचलात तर शरीराला सवय करायला वेळच मिळत नाही. मोठा माणूस ‘डोकं दुखतंय’ म्हणतो, तीन वर्षांचं मूल नुसतं किरकिरतं, जेवत नाही, झोपत नाही, आणि ते नेहमीच्या हट्टासारखंच दिसतं. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना भेटाच. गेलातच तर पहिले दोन दिवस हॉटेल सोडू नका, खारदुंग ला ही खिंड यादीतून काढा, आणि लक्षणं वाढली तर उपाय एकच: खाली उतरणं. बुकिंग बदलता येत असेल तर आमचं मत बदला असंच आहे.

२५. मुलाला फक्त आजीआजोबांबरोबर आठवडाभर दापोलीला पाठवतो आहोत. काही कागद लागतात का? पाठवावं का?

देशात फिरायला संमतिपत्राची सक्ती नाही. तरी एका पाकिटात द्या: मुलाचा आधार (पाच वर्षांखालचा निळा), लसीकरण कार्डाची प्रत, विम्याचं कार्ड, औषधांची मात्रा लिहिलेला कागद, बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि ‘तातडीच्या उपचाराला आमची संमती आहे’ असं दोघांच्या सहीचं साधं पत्र. परदेशी पाठवत असाल तर ते पत्र नोटरी केलेलं हवं आणि त्या देशाचा नियम वेगळा पाहावा.

पाठवावं का, याचं उत्तर आजोबांच्या गुडघ्यांवर आहे. समुद्रावर पळत्या मुलाच्या मागे कोण धावणार, हे आधी ठरवा. कुणी धावू शकत नसेल तर किनाऱ्यापासून आत, आवार असलेलं घर घ्या आणि समुद्रावर जाताना ओळखीचं कुणी तरुण माणूस बरोबर असू द्या. मुलाची रोजची उशी किंवा पांघरूण पाठवायला विसरू नका. धुतलेलं नको, वास गेला की ते त्याचं राहत नाही.